बेल्ट न लावणाऱ्यांचं ऐकून घेताना

विश्रांतवाडीत मी गाडी शिकवतो. फुलेनगरचं आरटीओ कार्यालय इथून जवळ आहे. टेस्टला जाणारा प्रत्येक जण सीटवर बसल्या बसल्या बेल्ट ओढून घेतो, कुणी सांगावं लागत नाही. लायसन्स हातात आलं की काही महिन्यांनी त्यांच्यातलाच एखादा आळंदी रस्त्यावर सिग्नलला शेजारी थांबतो, काच खाली करून "सर, कसे आहात?" म्हणतो, आणि त्याचा बेल्ट दाराशेजारी तसाच लोंबत असतो. अशा प्रत्येकाला मी कारण विचारत आलो. त्यांच्या उत्तरांतून जे उमगलं, ते इथं मांडतो.

१. बेल्ट न लावणारा माणूस बेफिकीरच असतो असं नाही.

टायरमधली हवा दर आठवड्याला तपासणारी, पीयूसीची तारीख न चुकवणारी, दारू पिऊन कधीही गाडीला हात न लावणारी माणसं बेल्ट लावत नाहीत. त्यांच्यातल्या अनेकांच्या मनात एक खरीखुरी भीती असते: गाडी पेटली किंवा पाण्यात गेली तर आपण अडकून पडू. या भीतीला हसू नये, तिला उत्तर द्यावं. निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा तयार केला, तेव्हा तो एका हातानं लावता आणि काढता यावा हे त्यांनी मुद्दाम साधलं होतं. लाल बटण दाबलं की पट्टा सुटतो. पण ते दाबायला माणूस शुद्धीवर हवा. डोकं स्टिअरिंगवर किंवा काचेवर आपटून बेशुद्ध झालेल्याला पेटत्या गाडीतून स्वतःहून बाहेर येता येत नाही. शुद्ध टिकण्याची शक्यता बेल्ट वाढवतो. एवढं शांतपणे सांगितलं की यातले बरेच जण ऐकतात. "तुम्हाला जिवाची पर्वा नाही" असं म्हणालं की चिडतात आणि विषय तिथंच संपतो.

२. "इथंच तर जायचंय" हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात महाग पडणारं कारण आहे.

धानोरीला भाजी आणायला, कळसला सासरी, टिंगरेनगरला क्लासला, लोहगावला कुणाला विमानतळावर सोडायला. अंतर थोडं, वाटेत गर्दी, मग वेग कितीसा असणार? इथं गणित करावं लागतं. ताशी ४० किलोमीटरच्या वेगानं गाडी धडकली, तर बेल्ट न लावलेल्या माणसाच्या अंगात साधारण सहा मीटरवरून खाली पडल्याइतका वेग असतो. ताशी ५० ला हीच उंची दहा मीटरच्या आसपास जाते, म्हणजे तिसरा मजला. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कठडा नसेल तर आपण मुलांना तिथं पाऊल ठेवू देत नाही. रात्री दहानंतर आळंदी रस्ता मोकळा होतो, तेव्हा ५० तर कुणालाही वेग वाटत नाही.

मांडीवरच्या बाळाबद्दल तर मला फार कळकळीनं सांगायचं आहे. ताशी ५० च्या वेगातली गाडी धडकेत अर्ध्या मीटरभरात थांबली, तर दहा किलोचं मूल आईच्या हातातून सुमारे दोनशे किलोच्या जोरानं पुढं ओढलं जातं. जगातल्या कुठल्याही आईच्या हातांत ती ताकद नाही, मग माया कितीही असो. त्यात ती पुढच्या सीटवर असेल, तर समोरून उघडणारी एअरबॅग त्या मुलावरच आदळते. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीची खास सीट हवीच, असं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा सांगतो. बाळाची सीट मागं लावा. ती महाग वाटत असेल तर बारशाला सोन्याऐवजी तीच द्या, असं मी नातेवाइकांना सांगतो.

३. "पुढं मामा आहेत, बेल्ट लाव."

हे वाक्य आपल्याकडे घराघरातल्या गाडीत बोललं जातं. विश्रांतवाडीचा चौक जवळ आला की पट्टा छातीवर येतो आणि चौक मागं पडला की सुटतो. काही जण तर क्लिप न लावता नुसता हातानं धरून बसतात. मोटार वाहन कायद्याच्या १९४ ब कलमात बेल्ट न लावल्याबद्दल एक हजार रुपयांचा दंड आहे आणि तो असायलाच हवा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९७० मध्ये जगात सर्वप्रथम बेल्टची सक्ती केली आणि नंतर अनेक देश त्याच वाटेनं गेले, कारण नुसत्या विनंतीनं सवय लागत नव्हती. पण आपल्या घरात मूल काय शिकतं ते पाहा. बेल्ट हा पोलिसांसाठी घालायचा असतो, हे ते मागच्या सीटवरून ऐकत असतं. अठरा वर्षांचं होऊन ते माझ्याकडे शिकायला येतं, तेव्हा हा समज पक्का झालेला असतो. तो काढायला क्लच शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

४. मागची सीट मानाची असते, आणि तो मानच घात करतो.

माझ्याकडे शिकून पुढं साहेबांच्या गाडीवर लागलेली मुलं आहेत. ती स्वतः बेल्ट लावतात. मागं साहेब बसलेले असतात, त्यांना "बेल्ट लावा" म्हणणं त्यांच्या जिभेवर येत नाही. सूनबाई गाडी चालवत असेल तर मागं बसलेल्या सासूबाईंना सांगत नाही. जावई सासऱ्यांना सांगत नाही. पाहुणे आले तर त्यांना मागं ऐसपैस बसवायचं, हा आपला पाहुणचार. वयानं आणि मानानं मोठा माणूस मागं बसतो आणि त्याला सूचना करणं उद्धटपणाचं वाटतं.

महाराष्ट्रानं याची किंमत पाहिली आहे. ३ जून २०१४ रोजी केंद्रीय मंत्री गोपीनाथराव मुंडे दिल्लीत विमानतळाकडे निघाले होते. शहरातला रस्ता, सकाळची वेळ, ते मागच्या सीटवर. अपघात झाला आणि ते गेले. मागचा बेल्ट नुसता शोभेसाठी असतो या गैरसमजामुळे आपण मित्र गमावला, असं तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी जाहीरपणे सांगितलं होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले. गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले, मागच्या दोघांचा मृत्यू झाला. त्या दोघांनी बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमानुसार पुढं तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे. हा नियम मिस्त्रींच्या अपघातानंतर आलेला नाही, आधीपासूनच होता.

मागं बसणाऱ्याला वाटतं, समोर सीट आहे, तीच आपल्याला अडवेल. त्या सीटवर माणूस असतो. मागचा मोकळा देह पुढच्याच्या पाठीवर आदळतो आणि बेल्ट लावून बसलेला पुढचाही जायबंदी होतो. म्हणून मी शिकणाऱ्यांना एक वाक्य पाठ करून देतो: "सगळ्यांचे बेल्ट लागले की निघू या." यात कुणा एकाला उद्देशून काही नाही, सासऱ्यांचाही मान राहतो. आणि वाक्य म्हणून झालं की गिअर टाकायचा नाही, थांबायचं. दोन-तीन वेळा थांबलं की चौथ्यांदा सांगावं लागत नाही.

५. एअरबॅग बेल्टच्या जागी येत नाही.

"सहा एअरबॅग आहेत की" असं नवी गाडी घेतलेले अभिमानानं सांगतात. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते. बेल्टनं जागेवर धरलेला माणूस तिच्यावर नीट टेकतो. बेल्ट नसलेला आधीच पुढं फेकला गेलेला असतो आणि फुगत असलेली पिशवी त्याच्या तोंडावर बसते.

६. गळ्याला घासणारा बेल्ट बहुतेक वेळा दोन मिनिटांत ठीक होतो.

बुटक्या बांध्याच्या स्त्रियांची ही तक्रार अगदी खरी आहे. पट्टा मानेला कापतो, मग त्या तो काखेखालून घेतात, आणि ते धोक्याचं असतं, कारण धडकेचा सगळा जोर बरगड्यांवर येतो. बऱ्याच गाड्यांत दाराशेजारच्या खांबावर पट्ट्याची उंची खालीवर करायची खिट्टी असते, ती कुणी दाखवलेलीच नसते. सीट थोडी वर घेतली तरी फरक पडतो. पट्टा खांद्याच्या मधून आणि कमरेच्या हाडांवरून जायला हवा, पोटावरून नाही. गरोदरपणात बेल्ट सोडायचा नाही. खालचा पट्टा पोटाच्या खाली मांड्यांलगत आणि वरचा छातीच्या मधून घ्यायचा. शोरूममध्ये चावी देताना फोटो काढतात, हार घालतात. ही खिट्टी दाखवायला तेवढाच वेळ लागेल.

७. सोय काढून घेतली की सवयही जाते.

पुढच्या सीटसाठी बेल्टची आठवण देणारा टुंगटुंग आवाज १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सक्तीचा झाला. तो बंद करायला बाजारात नुसत्या क्लिपा आल्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जाहिराती हटवाव्या लागल्या. इतकी मागणी होती. क्लिप विकत घेणारा स्वतःच्या जिवाचा इशारा पैसे देऊन बंद करतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मागच्या सीटचं दुखणं वेगळं आहे. नवी गाडी आली की आपण आधी सीट कव्हर शिवून घेतो आणि मागची बकलं त्याखाली गाडली जातात. नंतर एखाद्याला बेल्ट लावायचा असला तरी पट्टा हातात येतो, बकल सापडत नाही.

८. "नशिबात असेल ते होणार" म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही.

समोरून ट्रक येणं आपल्या हातात नाही, हे त्याचं म्हणणं मी मान्य करतो. फक्त केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा सांगतो: २०२२ साली देशात बेल्ट न लावलेल्या १६,७१५ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला. त्यांत ८,३८४ चालक होते. बाकीचे ८,३३१ त्यांच्यासोबत निघालेले. चालक स्वतःसाठी काय ठरवतो, यावर तो माझ्याशी बोलू शकतो. पण सोबतच्या निम्म्या माणसांसाठी तो बोलला असता तर त्यातले बरेच आज असते, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा आज पार्किंगमध्ये जाल तेव्हा मागच्या सीटचं कव्हर उचला, खाली दबलेली बकलं वर काढा आणि कव्हरवाल्याकडून तिथं चिरा पाडून घ्या. मधल्या सीटचं बकल विसरू नका, घरातलं लहान मूल बहुतेक वेळा तिथंच बसतं.