सरकारी दवाखान्यात जाताना खिशात किती पैसे हवेत?

घरात कोणी आजारी पडलं की पहिला घोर पैशांचा लागतो. त्यापायी कित्येक जण दुखणं अंगावर काढतात आणि मग ते वाढतं. महाराष्ट्रात खर्चाचा अंदाज घ्यायचा असेल, तर आधी विचारा : हा दवाखाना कोणाचा?

राज्याचा आरोग्य विभाग : शून्य रुपये
प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा आणि स्त्री रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया मोफत आहेत. कोणी पैसे मागितले, तर १०४ या क्रमांकावर तक्रार करा. आरोग्यविषयक सल्लाही तिथे मिळतो.

वैद्यकीय महाविद्यालय किंवा महापालिका : दर वेगळे
वरची मोफत सोय इथे लागू नाही. खिडकीवरचा दरफलक आधी वाचा. अनेक जिल्हा रुग्णालयं आता वैद्यकीय महाविद्यालयांना जोडली गेली आहेत. इमारत ओळखीची असली तरी पाटी पाहून घ्या.

बाळंतपण
सरकारी रुग्णालयात सिझेरियनसुद्धा मोफत. औषधं, तपासण्या, लागल्यास रक्त, घरून नेणं-आणणं आणि जेवणही त्यात येतं : साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियननंतर ७ दिवस. गाडीसाठी १०२ लावा. बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याच्या आजारपणाचे उपचारही मोफत.

मोठं ऑपरेशन
महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ते योजनेच्या यादीतल्या उपचारांसाठी आणि योजनेत असलेल्या सरकारी-खासगी रुग्णालयांतच मिळतं. म्हणून अनामत रक्कम भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. आजार यादीत आहे का, कोणते कागद लागतील, मंजुरी आली का, हे तोच सांगेल. रुग्ण अत्यवस्थ असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू होतात, कागद मागाहून देता येतात. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

क्षयरोग
तपासणी आणि औषधं मोफत. शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये बँक खात्यात जमा होतात. नोंदणीच्या वेळीच खातं क्रमांक द्या.

अपघात, छातीत कळ
१०८ लावा. रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि त्या गाडीचं भाडं पडत नाही. फोनवर गाव आणि जवळची ओळखीची खूण सांगा.

आजच करायचं काम
रेशनकार्ड, घरातल्या सगळ्यांची आधारकार्डं आणि जुने रिपोर्ट एका पिशवीत घालून ठेवा. रेशनकार्डावर सुनेचं किंवा नातवाचं नाव चढवायचं राहिलं असेल, तर या आठवड्यातच तहसील कार्यालयात अर्ज द्या. जनआरोग्य योजनेसाठी कुटुंबातलं माणूस ओळखलं जातं ते मुख्यतः या कार्डावरून. माणूस दवाखान्यात असताना नाव चढवायला धावण्याची वेळ कोणावर येऊ नये.