ग्रामीण प्राथमिक शाळा आणि स्वयंसेवक : कामाची नेमकी जागा

तिसरीतील मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचता यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तथापि, ग्रामीण भागात होणाऱ्या 'असर' या पाहणीनुसार 2022 मध्ये देशातील शासकीय शाळांत तिसरीच्या केवळ 16.3 टक्के मुलांना असा उतारा वाचता आला. 2024 मध्ये हे प्रमाण 23.4 टक्क्यांवर गेले. ही वाढ दुर्लक्षणीय नाही; परंतु चार मुलांपैकी तीन मुले अद्याप या पायरीच्या अलीकडेच आहेत, हा तिचा दुसरा अर्थ होय. जे मूल तिसरीत वाचू शकत नाही, त्याच्यासाठी चौथीचे परिसर अभ्यासाचे पुस्तकही बंदच राहते आणि गणितातील शाब्दिक उदाहरणही.

ही पाहणी 2005 पासून प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे. अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांची ही चाचणी कोणीही शिकलेली व्यक्ती थोड्या प्रशिक्षणानंतर मुलाच्या घरी बसून काही मिनिटांत घेऊ शकते. मुलाला वाचता येत नाही, हे समजण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. मग त्याला वाचायला शिकविण्यासाठी गावातीलच सुशिक्षित तरुण पुरेसा ठरेल काय, हा स्वाभाविक प्रश्न आहे. त्याचे उत्तर होकारार्थी असले, तरी त्याला अटी आहेत.

कोसबादचा धडा

शाळा आणि तिच्या भोवतीचा समाज यांचा विचार महाराष्ट्रात ताराबाई मोडक (1892-1973) आणि अनुताई वाघ (1910-1992) यांच्यापासून सुरू करणे उचित ठरते. 1945 मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाच्या कामास प्रारंभ केला आणि 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाद येथे हलविण्यात आले. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. बालवाडी सुरू केली म्हणून मुले आपोआप येत नाहीत, हा अनुभव त्यांना लवकरच आला. तेव्हा मुलांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात वर्ग भरविण्याची पद्धत त्यांनी स्वीकारली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यातून रुजली आणि 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे हा शब्द देशभर पोहोचला.

त्यांच्या कामातील निरीक्षणाची बारकाई विशेष महत्त्वाची आहे. मुलगी शाळेत का येत नाही? कारण आईवडील मजुरीला गेल्यावर धाकटे भावंड तिच्या कडेवर असते. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. भावंडासह येणारी मुलगी शाळेत बसू शकली. मुलगा का येत नाही? कारण तो गुरे राखतो. म्हणून गुरे चरतात त्या ठिकाणीच 'कुरणशाळा' भरली. पाने, बिया, शिंपले यांसारख्या परिसरातील वस्तू शैक्षणिक साधने झाल्या. पालकांच्या अनास्थेला दोष देऊन थांबणे सोपे होते. त्याऐवजी त्या मुलाचा दिवस कसा जातो, हे आधी पाहिले गेले.

ताराबाई व अनुताईंनी या कामाला आयुष्य दिले. आजचा स्वयंसेवक बहुधा आठवड्यातील काही तास घेऊन येतो. त्या तासांचे मोल कमी नाही, मात्र त्यांची आखणी अधिक काटेकोर असावी लागते.

मोहिमेचे बळ आणि तिची मर्यादा

लोकसहभागाचे दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील आहे. 1959 मध्ये तेथे सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्याच्या अन्य भागांतही पसरली. चार महिन्यांत प्रौढांना अक्षरओळख व प्राथमिक अंकज्ञान द्यावयाचे, असे तिचे स्वरूप होते. प्राथमिक शिक्षक आणि गावातील शिकलेली माणसे यांनी ती प्रामुख्याने चालविली. गावाच्या अभिमानाला आवाहन केल्यास लोक पुढे येतात, हे या मोहिमेने सिद्ध केले. परंतु नवसाक्षरांच्या हाती पुढे वाचावयास पुरेसे काही पडले नाही, पाठपुरावा दुबळा राहिला आणि शिकलेले विसरण्याची प्रक्रिया सुरू झाली, ही टीकाही तिच्यावर झाली. उत्साहाला कालमर्यादा असते. नियोजनात ती गृहीत धरलेली बरी.

जौनपूरचा प्रयोग

स्वयंसेवकांच्या कामाचे मोजमाप करणारा प्रयोग उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात 2005-06 मध्ये झाला. अभिजीत बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी संशोधकांनी 'प्रथम' या संस्थेसमवेत 280 गावांत तो केला. पहिल्या गटातील गावांत सभा घेऊन ग्रामशिक्षण समिती, तिचे अधिकार आणि शाळेला मिळणारा निधी यांची माहिती देण्यात आली. दुसऱ्या गटात याखेरीज गावकऱ्यांना मुलांची वाचन चाचणी घेण्यास शिकविले गेले. गावाने स्वतःच आपल्या मुलांचे प्रगतिपत्रक तयार केले. तिसऱ्या गटात या दोहोंबरोबरच गावातील तरुणांना वाचन शिकविण्याचे साधे तंत्र देण्यात आले आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतले. चौथा गट केवळ तुलनेसाठी होता.

निष्कर्ष विचार करावयास लावणारे होते. प्रारंभी अनेक गावकऱ्यांना आपल्या गावात अशी समिती आहे, याचीच कल्पना नव्हती. सभा झाल्या, चर्चा झाल्या. पण पहिल्या दोन गटांत समितीचे काम, शिक्षकांचे प्रयत्न वा मुलांचे वाचन यांत दखल घेण्याजोगा बदल दिसला नाही. तिसऱ्या गटात मात्र तरुण पुढे आले, शेकडो वर्ग सुरू झाले आणि वर्गात बसलेली मुले खरोखर वाचू लागली. ज्यांना आधी अक्षरही ओळखता येत नव्हते, त्यांना लाभ झाला. ज्यांना अक्षरे येत होती, त्यांच्यापैकी अनेक जण गोष्टीपर्यंत पोहोचले.

म्हणजे माहिती मिळाल्यावर लोक व्यवस्थेवर दबाव आणतील, हे गृहीतक येथे टिकले नाही. जिल्हा कार्यालयात अर्ज करण्यापेक्षा शेजारच्या दहा मुलांना रोज शिकविणे त्या तरुणांना अधिक शक्य वाटले. या यशाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गावातील सर्व मुलांचा विचार करता वर्गांना आलेल्या मुलांचे प्रमाण सुमारे 8 टक्के इतकेच होते. उरलेल्या मुलांपर्यंत पोहोचण्याचे साधन शाळा हेच राहते.

स्वयंसेवक शाळेत गेल्यावर

शाळेत स्वयंसेवक पाठविला की हा प्रश्न सुटेल, असे वाटणे साहजिक आहे. बिहार आणि उत्तराखंड येथे 2008 नंतर झालेल्या अभ्यासांतून या समजुतीची परीक्षा झाली. बिहारमध्ये स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर, वाचनाच्या पातळीनुसार मुलांचे गट करून शिकविले, तेव्हा परिणाम दिसला. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक शाळेतच काम करू लागले. तेथे ते नेहमीच्या शिक्षकांचे मदतनीस होऊन गेले आणि वाचनात सुधारणा आढळली नाही. माणूस तोच, साहित्य जवळपास तेच; परंतु त्याचे स्वतंत्र काम हरवले. कमी पडणाऱ्या शिक्षकाची जागा भरून काढणे ही शाळेची निकड असते, यात शंका नाही. मात्र ती निकड स्वयंसेवकाच्या खांद्यावर आली की ज्या मुलासाठी तो आला, ते मूल पुन्हा शेवटच्या बाकावर जाते.

कायदा आणि धोरण

परीक्षेच्या दृष्टीने येथे काही तरतुदी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. 86 व्या घटनादुरुस्तीने (2002) अनुच्छेद 21-क अन्वये 6 ते 14 वयोगटासाठी शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि अनुच्छेद 51-क (ट) अन्वये या वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि 50 टक्के महिला असाव्या लागतात. कलम 23 शिक्षकाच्या किमान अर्हतेविषयी आहे. पहिली ते पाचवीसाठी 60 पर्यंत पट असल्यास दोन शिक्षक अनुसूचीने बंधनकारक केले आहेत. स्वयंसेवकाच्या उपस्थितीमुळे शासनाची ही जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. स्वयंसेवकांचे स्वागत करणाऱ्या चर्चेत हा मुद्दा बरेचदा मागे पडतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये पायाभूत साक्षरतेसाठी समाजातील स्वयंसेवक व सहाध्यायी यांच्या साहाय्याचा पुरस्कार करण्यात आला. 2021 च्या जुलैमध्ये 'निपुण भारत' अभियान आणि सप्टेंबरमध्ये 'विद्यांजली 2.0' हे संकेतस्थळ सुरू झाले. विद्यांजलीमध्ये शाळा आपली गरज नोंदविते आणि इच्छुक व्यक्ती सेवा अथवा साहित्य देऊ करते. कोसबादची दृष्टी येथेही उपयोगी पडावी. भिंतीला रंग हवा की तिसरीतील बारा मुलांसाठी सायंकाळचा वर्ग हवा, हे शाळेने आणि पालकांनी आधी ठरवावे लागते.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपाशी वेळही आहे. 24 सप्टेंबर 1969 रोजी गांधी जन्मशताब्दी वर्षात 37 विद्यापीठांतील 40,000 विद्यार्थ्यांनिशी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास सेवा करणे अपेक्षित असते. त्याशिवाय सात दिवसांचे विशेष शिबिर होते. सात दिवसांत शाळेचे आवार स्वच्छ होते, झाडे लागतात, सांस्कृतिक कार्यक्रमही होतो; वाचन मात्र येत नाही. याउलट, नियमित कामाच्या 120 तासांची रोज दोन तासांप्रमाणे विभागणी केल्यास साठ दिवस होतात. जौनपूरचे वर्गही रोज काही वेळ याप्रमाणे दोन-तीन महिने चालले होते. महाविद्यालयाने दत्तक घेतलेले गाव रोज ये-जा करण्याइतके जवळ असेल आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक मुलाची वाचन पातळी लिहिलेली वही वर्गशिक्षकाकडे सुपूर्द होत असेल, तर हे तास आजच्याच नियमांत बसतात.