घरच्या घरी वजन उचलण्याचा व्यायाम : सुरुवात कशी करावी?

आपल्या मागच्या पिढीने जन्मभर ओझी उचलली. कापसाची बोरे, विटांची घमेली, सरपणाची मोळी, पाण्याचा हंडा, हे सारे पोटासाठी डोक्यावर आणि पाठीवर घेतले. त्यांची मुले शिकली, शाळेत, कचेरीत, बँकेत लागली आणि खुर्चीवर बसली. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु बैठ्या कामाने पोटाचा घेर वाढला, आणि घेराबरोबर मधुमेह व रक्तदाबही घरात शिरले. अशा वेळी कुणी वजन उचलण्याचा व्यायाम सुचवला, तर घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, "आम्ही ओझी वाहिली ती काय कमी झाली? आता फुकटात कशाला?"

प्रश्न रास्त आहे. हमालीत ओझे किती आणि कितीदा उचलायचे हे दुसरा ठरवतो, अंग दुखले तरी थांबता येत नाही. व्यायामात वजन आपण ठरवतो, दम लागला की थांबतो आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतो. स्नायू भरून येतात ते या विश्रांतीच्या काळात.

येथे बंधू-भगिनींना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. नुसते वजन उचलून वजन फारसे उतरत नाही. साधारण ७० किलोच्या माणसाने अर्धा तास हा व्यायाम केला, तर शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. नंतर चौकात उभे राहून एक समोसा खाल्ला, की हिशेब उलटा फिरतो. चरबी उतरते ती ताटातून. मग वजने कशासाठी? जेवण कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. चाळिशीनंतर ते तसेही हळूहळू कमी होतच असतात. जेवणानंतर रक्तात येणारी साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच शोषून घेतात, म्हणून ते गमावणे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाला परवडणारे नाही. वजने उचलणाऱ्याचे स्नायू बऱ्याच अंशी टिकतात, आणि जाते ती मुख्यतः चरबी.

ताटाविषयी संयुक्त निकायातील दोणपाक सुत्त येथे आठवते. कोसल देशाचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर भात खात असे. तो जेवून, धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी प्रमाणात जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ करून राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणावी असे ठरले. राजाने भात एकदम सोडला नाही, क्रमाक्रमाने कमी करीत तो एका नाळीवर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. उपास करून आठ दिवसांत बारीक होऊ पाहणाऱ्यांनी यातील 'क्रमाक्रमाने' हा भाग ध्यानात घ्यावा. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

भात-पोळी थोडी कमी करताना प्रथिने मात्र कमी करू नयेत. आपल्याकडे पातळ वरणालाच डाळ समजतात. तुरीची डाळ घट्ट शिजवावी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास, आणि त्या स्वस्तही आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज प्रथिने वाढवू नयेत.

आता साधने. जिमची फी किंवा लोखंडी डंबेल यांवाचून काही अडत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे ठाऊक असले की पुरे. पाच लिटरचा कॅन पाण्याने भरला की ५ किलो, कोरड्या वाळूने भरला की ८ किलोच्या जवळपास. मुलांच्या जुन्या दप्तरात धान्याच्या पिशव्या भरल्या तर वजन हवे तसे कमीजास्त करता येते. अमरावतीला १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे वऱ्हाडात जोर, बैठका, मुद्गल हे शब्द नवे नाहीत. आपला व्यायाम त्याच जातीचा आहे.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड करावा. आधी पाच मिनिटे जागच्या जागी चालून अंग गरम करावे. मग खुर्चीवर टेकून पुन्हा उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, कंबरेतून वाकून कॅन पोटाकडे ओढणे, जमिनीवरचा कॅन उचलून उभे राहणे आणि हलके वजन डोक्यावर नेणे, एवढे पाच प्रकार पुरेत. प्रत्येक दहा वेळा, अशा दोन फेऱ्या. पहिला आठवडा वजनाविनाच जाऊ द्यावा. पुढे बारा वेळा सहज जमू लागले, की किलो-अर्धा किलो वाढवावे.

जमिनीवरून उचलण्याची रीत बाजार समितीतील अनुभवी हमालाकडून शिकावी. तो पोते अंगाशी धरतो, गुडघे वाकवतो आणि पायांच्या जोरावर उठतो. पाठ वाकवून झटका दिला की कंबर धरलीच. श्वास कोंडू नये, उचलताना सोडावा. रक्तदाब असलेल्यांनी हे विशेष पाळावे. हृदयविकार, हर्निया, गरोदरपण असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

दूरदर्शनवर पाहिलेल्या स्पर्धेची नक्कल घरी करू नये. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळवले, पण त्याच स्पर्धेत त्याच्या कोपराला दुखापत झाली. तो वर्षानुवर्षे तयार झालेला खेळाडू होता.

भगिनींच्या मनात एक शंका असते, की याने शरीर पुरुषी होईल. तसे होत नाही. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकेच वेगळी आहेत. उलट पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होतात, त्या वयात या व्यायामाची गरज पुरुषांपेक्षाही अधिक. स्वयंपाकघरात दिवसभर उभे राहणे म्हणजे व्यायाम नव्हे, हे घरातील पुरुषांनीही समजून घ्यावे आणि तिच्यासाठी अर्धा तास मोकळा करावा.

आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा पारा कुठे जातो हे सर्वांना माहीत आहे. त्या दिवसांत सकाळी सहाच्या आतच व्यायाम आटोपावा. काट्यावर रोज उभे राहू नये, पंधरा दिवसांतून एकदा शिंप्याच्या टेपने पोटाचा घेर मोजून कॅलेंडरवर लिहावा. पुरुषांनी ९० व स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत येण्याचे लक्ष्य ठेवावे. काटा जागचा न हलताही टेप सैल होऊ लागते, आणि तसे झाले तर व्यायाम बंद करू नये.