ट्रॅक्टरची गळकी टाकी

बैलाला वैरण लागते. ट्रॅक्टरला डिझेल लागते. वैरण गव्हाणीत असते, डिझेल टाकीत असते. गव्हाण फुटली तर वैरण मातीत जाते. टाकी गळू लागली तर डिझेल मातीत जाते. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्याच. पुढे मात्र फरक आहे. गव्हाण दुरुस्त करताना कुणाचा जीव जात नाही. टाकी दुरुस्त करताना जाऊ शकतो.

म्हणून हा पाठ आम्ही जरा सविस्तर लिहिला आहे. तो सावकाश वाचा. घरात ज्याला वाचता येत नसेल, त्याला वाचून दाखवा.

थेंबाचा हिशेब

पुष्कळ जण म्हणतात, "एक थेंब गळतोय, गळू द्या. एवढ्यानं काय होतंय?" आपण हिशेबच करून पाहू.

गळतीखाली एक वाटी ठेवा. समजा, 10 मिनिटांत चहाचा 1 चमचा डिझेल साठले. चमच्यात 5 मिलिलिटर मावते. मग 1 तासात 30 मिलिलिटर झाले. दिवसरात्र मिळून 24 तासांत 720 मिलिलिटर झाले. 30 दिवसांत 21,600 मिलिलिटर, म्हणजे 21 लिटरांहून जास्त! लिटरला 90 रुपये भाव धरला, तर महिन्याला 1,944 रुपये मातीत गेले. भाव याहून जास्त असेल तर नुकसानही जास्त.

हा झाला पैशाचा हिशेब. दुसरा हिशेब आगीचा. पुष्कळ ट्रॅक्टरांची टाकी इंजिनाच्या वरच असते. गळलेला थेंब तापलेल्या लोखंडावर पडतो. जवळ बॅटरीच्या तारा असतात. चिंध्या, भुसा, वाळलेले गवत अडकलेले असते. आग लागायला आणखी काय हवे? म्हणून गळती दिसली की त्याच दिवशी तिच्याकडे लक्ष द्यावे.

गळते कुठे ते आधी शोधा

थेंब जिथे पडतो तिथेच भोक असते असे नाही. घराचे कौल एकीकडे फुटते आणि पाणी दुसरीकडे टपकते, तसेच हे. डिझेल पत्र्यावरून ओघळते आणि खालच्या कडेला येऊन टपकते.

इंजिन बंद करा. ते थंड होऊ द्या. बिडी, काडी, कंदील लांब ठेवा. मग टाकी, कॉक आणि पाइप फडक्याने कोरडे पुसून काढा. त्यावर खडूची भुकटी लावा. थोडा वेळ थांबा. जिथून गळते तिथे भुकटी ओली होऊन काळपट रेघ उठते. रेघेचे वरचे टोक पाहा. गळती तिथे आहे.

पुष्कळदा टाकी चांगलीच असते. गळती निराळ्याच जागी सापडते. कॉकचा नट ढिला झालेला असतो. पाइपाच्या जोडाखालचे तांब्याचे वायसर दबलेले असते. फिल्टरच्या वाटीखालचे रबर कडक झालेले असते. असे असेल तर काम सोपे आहे. नट पान्याने बेताने आवळा. फार जोर केला तर आटे जातात. वायसर किंवा रबर खराब असेल तर नवे घाला. त्याला पैसे थोडे लागतात आणि जाळ मुळीच लागत नाही.

पण पत्र्यालाच भोक असेल, किंवा सांध्याला चीर गेली असेल, तर पुढचे वाचा.

वेळ निभावण्यापुरता उपाय

ट्रॅक्टर रानात आहे. पेरणी अर्धी झाली आहे. अशा वेळी कपड्याच्या साबणाची वडी कामाला येते. बाहेरून चीर पुसून घ्या आणि साबण तिच्यात दाबून घासा. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून गळती काही काळ थांबते. पण पाण्यात तो विरघळतो. पाऊस आला की साबण गेला! घरापर्यंत येण्यापुरताच हा उपाय समजावा.

याहून बरा उपाय म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा लांबी‌सारखा मसाला. एम-सील या नावाने तो पुष्कळांना माहीत आहे. तो लावण्याआधी टाकीतले डिझेल भोकाच्या खाली जाईल इतके काढून घ्या. भोकाभोवतीचा रंग आणि गंज हाताने पॉलिश पेपर घासून काढा. पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेलकट पत्र्यावर मसाला धरत नाही. दोन्ही भाग सारखे घेऊन एकच रंग दिसेपर्यंत मळा. मग भोकावर दाबून बसवा. किती वेळ वाळू द्यायचे ते पुडक्यावर लिहिलेले असते. ते वाचा. आता आपल्याला वाचता येते, मग दुसऱ्याला कशाला विचारायचे?

डिझेल काढताना एक गोष्ट कधीही करू नका. नळी तोंडात धरून डिझेल ओढू नका. ते घशातून फुप्फुसात गेले तर माणूस दवाखान्यात जातो. खालच्या कॉकमधून डिझेल काढा, किंवा हातपंप वापरा. काढलेले डिझेल झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यावर मोठ्या अक्षरांत "डिझेल" असे लिहा. पाण्याच्या बाटलीत ते भरून ठेवू नका. लहान मूल चुकून पिईल.

रिकामी टाकी जास्त धोक्याची

भोक मोठे असेल किंवा पत्रा गंजून पातळ झाला असेल, तर मसाला टिकत नाही. मग डाख द्यावा लागतो किंवा वेल्डिंग करावे लागते. म्हणजे जाळ आला. खरा धोका इथे आहे.

गावोगावी असे बोलणे होते :

"मिस्त्रीभाऊ, टाकीला बारीकसं भोक पडलंय. दोन मिनिटांचं काम. एवढा डाख मारून द्या."

"दादा, टाकी धुतली का?"

"धुवायची कशाला? चार दिवस झाले रिकामी करून. आत थेंब नाही."

"मग तर मुळीच मारणार नाही."

"अहो, डिझेल आहे, पेट्रोल नव्हे. ते काय असं भडकतंय?"

दादांचे म्हणणे वरवर खरे वाटते. पेट्रोल थंडीतही वाफ सोडते आणि ठिणगीने भडकते. डिझेल तसे लगेच भडकत नाही. पण म्हणून डिझेलची टाकी बिनधोक झाली का? नाही. का नाही, ते पाहू.

पूर्वी घरोघर रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह असे. तो कसा पेटवीत, आठवा. आधी काकडा पेटवून बर्नर तापवायचा. बर्नर थंड असताना पंप मारला, तर रॉकेलची नुसती धार उडे. बर्नर तापला म्हणजे रॉकेलची वाफ होई, आणि मग तीच वाफ फरफर आवाज करून जळे. म्हणजे जळते काय? रॉकेल नव्हे, रॉकेलची वाफ. डिझेल हे रॉकेलच्याच नात्यातले आहे. त्यालाही हाच नियम लागू.

आता रिकाम्या टाकीकडे पाहा. डिझेल काढून घेतले तरी आतल्या पत्र्याला त्याचा पातळ थर चिकटून राहतो. सांध्याच्या घडीत, गंजाच्या पापुद्र्याखाली ते मुरलेले असते. चार दिवसांनी काय, पुष्कळ दिवसांनीसुद्धा ते तिथे असते. मिस्त्री बाहेरून जाळ लावतो. पत्रा तापतो. आतल्या थराची वाफ होते. टाकीत हवा तर भरलेलीच असते. वाफ आणि हवा एकत्र झाली आणि वर जाळ मिळाला, की टाकीचा बाँब होतो. पत्रा फाटून उडतो. समोर मिस्त्रीचे तोंड असते.

भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी असते. रिकाम्या टाकीत सगळी जागा हवेचीच. म्हणून रिकामी टाकी जास्त धोक्याची. अर्थात भरलेल्या टाकीला जाळ लावावा असा याचा अर्थ नाही. जाळ दोन्हींना लावायचा नाही.

वास येत नाही म्हणजे आत काही नाही, असेही समजू नये. थंड टाकीला वास येईलच असे नाही. वाफ होते ती तापल्यावर.

काही जण टाकीत सायलेन्सरचा धूर सोडतात आणि मग जाळ लावतात. धुराने हवा निघून जाते असे त्यांना वाटते. पण डिझेल इंजिनाच्या धुरात जळायला लागणारा प्राणवायू पुष्कळ शिल्लक असतो. त्या धुरावर विसंबू नये.

मग टाकी जोडायची कशी?

पहिली गोष्ट, हे घरचे काम नव्हे. ज्या मिस्त्रीला टाक्या धुऊन जोडण्याची माहिती आहे त्याच्याकडेच द्यावे. आणि तो काय करतो ते आपल्याला ठाऊक असावे.

1. टाकी ट्रॅक्टरवर असताना जाळ लावायचा नाही. आधी बॅटरीची तार काढायची, मग टाकी उतरवून उघड्यावर आणायची.

2. सगळे डिझेल काढायचे. झाकण, कॉक आणि आतली जाळी काढून ठेवायची.

3. कढत पाणी आणि धुण्याचा सोडा घालून टाकी चांगली खळखळवायची. पाणी ओतून पुन्हा तसेच करायचे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत हे चालू ठेवायचे. नुसत्या गार पाण्याने विसळून भागत नाही.

4. त्यानंतर पाण्याची वाफ आत सोडायची. सगळी टाकी हाताला चटका लागेल इतकी तापली पाहिजे आणि पुष्कळ वेळ तशी राहिली पाहिजे. चिकटलेले डिझेल या वाफेबरोबर निघून जाते.

5. जोडताना भोक वरच्या बाजूला येईल अशी टाकी ठेवायची. भोकाच्या खाली दोन बोटे येईल इतके पाणी तिच्यात भरायचे. जिथे पाणी आहे तिथे डिझेलची वाफ आणि हवा राहू शकत नाही. वरचे एखादे तोंड उघडे ठेवायचे. तोंड बंद असले तर पाण्याच्याच वाफेने टाकी फुटेल.

मिस्त्री म्हणाला, "एवढं करायला वेळ लागेल, पैसे जास्त पडतील," तर हो म्हणा. आणि तो म्हणाला, "धुवायची गरज नाही, आणा इकडे," तर टाकी घेऊन परत या. पत्रा फारच सडला असेल तर नवी टाकी घेणे स्वस्त पडते. नव्या ट्रॅक्टरांना प्लॅस्टिकची टाकी असेल तर तिला डाख बसतच नाही. ती बदलावी.

पुन्हा बसवताना

जोडलेली टाकी आतून पूर्ण वाळवा. पाणी राहिले तर ते डिझेलबरोबर इंजिनात जाते आणि पंप बिघडतो. मग थोडे डिझेल घालून टाकी रात्रभर लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. खाली कोरा कागद पसरा. सकाळी कागद कोरा असेल तर काम पक्के झाले.

टाकी बसवल्यावर इंजिन लगेच सुरू होत नाही. घाबरू नका. पाइपात हवा शिरलेली असते. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू थोडा ढिला करा आणि हातपंप मारा. आधी बुडबुडे येतील. नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळा.

टाकी सडू नये म्हणून

रात्री गारव्याने रिकाम्या टाकीत दव धरते. ते पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसते आणि पत्रा आतून गंजतो. यासाठी काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी. अधूनमधून तळाचा बोल्ट ढिला करून साठलेले पाणी काढावे. टाकीच्या पट्ट्याखालचे रबर झिजले तर बदलावे. पत्र्यावर पट्टा घासत राहिला की तिथेच भोक पडते.

शेवटी एक काम

टाकी उतरवली की तिच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहा :

धुतलेली नाही. जाळ लावू नका.

आपण बाजाराला गेलो असू. मुलगा किंवा शेजारी घाईने टाकी उचलून वेल्डिंगच्या दुकानात नेईल. तिथे आपण नसू, पण आपली अक्षरे असतील. पाच शब्द लिहिता आले तर एक माणूस वाचतो. शिकलेल्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सुचत नाही.

प्रश्न

1. डिझेल जळते की डिझेलची वाफ जळते? स्टोव्हचे उदाहरण देऊन सांगा.
2. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची का?
3. साबणाचा उपाय पावसाळ्यात का टिकत नाही?
4. 15 मिनिटांत 1 चमचा डिझेल गळते. 30 दिवसांत किती लिटर गळेल? आपल्या गावच्या भावाने रुपये काढा.
5. टाकीवर लिहायची पाटी पाच वेळा सुवाच्य अक्षरात लिहा.