मासा जिवंत आहे, म्हणजे पाणी चांगलं आहे?

प्रश्न : वर्षभरापूर्वी मुलाच्या हट्टापायी घरी फिश टँक आणला. महागडे मासे एकेक करून गेले. निळ्या-रुपेरी पट्ट्यांचे आठ झेब्रा मासे आणले होते, ते आठही अजून टुणटुणीत आहेत. मध्यंतरी पंप बंद पडला, आम्ही चार दिवस गावाला गेलो, पाणी बदलायचं राहिलं, पण त्यांनी कशालाच दाद दिली नाही. परवा वाचलं की पाण्यातल्या प्रदूषणाचा जिवावर काय परिणाम होतो हे पाहायला शास्त्रज्ञ नेमका हाच मासा वापरतात. इतका चिवट मासा या कामाला कसा चालतो? आणि माशाला जे होतं ते माणसाला का लागू पडावं?
— एक पालक, वाई

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. नवशिक्या गिऱ्हाइकाला दुकानदार हाच मासा देतो, कारण तो सहसा मरत नाही आणि तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. प्रयोगशाळेतही तो आधी याच गुणामुळे शिरला. दाटीवाटीने राहतो, साध्या खाण्यावर भागतं आणि लांबी जेमतेम तीन-चार सेंटीमीटर. पण प्रदूषणाची तपासणी बहुतेक वेळा या मोठ्या, चिवट माशावर होतच नाही. ती होते त्याच्या अंड्यातल्या गर्भावर.

झेब्रा मासे पहाटे उजेड झाला की अंडी घालतात आणि संधी मिळाली तर स्वतःच खाऊन टाकतात. म्हणून प्रयोगशाळेत टाकीच्या तळाशी जाळी बसवतात, किंवा चक्क काचेच्या गोट्या पसरतात. अंडी फटींतून खाली जातात आणि आईबापांचं तोंड तिथे पोचत नाही. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज देते. अंडं बारीक मोहरीएवढं, आणि काचेसारखं आरपार. कोंबडीच्या गर्भात काय चाललंय हे पाहायला कवच फोडावं लागतं, उंदराचं तर पोटच उघडावं लागतं. इथे अंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की झालं.

आणि दिसतं केवढं! पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवलं, तर चोवीस तासांत डोळे, पाठीचे मणके जिथे होणार त्या जागचे खंड आणि बलकावरून सुटत चाललेली शेपटी दिसते. हृदय म्हणजे तेव्हा एक सरळ नळी असते, पण ती धडधडायला लागलेली असते. आणखी एका दिवसात ती नळी वळते, कप्पे शेजारी-शेजारी येतात आणि रक्तातल्या पेशी रांगेने पळताना मोजता येतात. तिसऱ्या दिवसाच्या आसपास पिल्लू बाहेर येतं, पाचव्या दिवशी पोहत खाणं शोधू लागतं. आईच्या पोटात महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाचा आराखडा सोमवारी सुरू होऊन शनिवारी पुरा.

याच वेगावर एक चाचणी उभी आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये ती प्रमाणित केली, तिचा क्रमांक २३६. चोवीस खळ्यांची प्लास्टिकची ताटली घ्यायची, प्रत्येक खळ्यात एक अंडं. तपासायचं रसायन पाच वेगवेगळ्या तीव्रतांचं करायचं, प्रत्येक तीव्रतेला किमान वीस अंडी. शेजारी निव्वळ स्वच्छ पाण्यातली अंडीही हवीतच, नाहीतर बिघाड रसायनाचा की मुळात अंडीच खराब, हे कळणार कसं? मग ९६ तास रोज चार गोष्टी पाहायच्या : अंडं गोठून पांढरं पडलं का, पाठीचे खंड पडले का, शेपटी सुटली का, हृदय धडधडतंय का. यातलं एकही चुकलं तर तो गर्भ मेला असं धरतात.

खरी गोम मात्र न मेलेल्या गर्भात असते. दोन उदाहरणं देतो.

पहिलं खनिज तेलाचं. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तेलाने माखलेले पक्षी साऱ्या जगाने पाहिले. पण त्या किनाऱ्यावर हेरिंग आणि सामन मासे अंडी घालतात. पाण्यात विरघळलेलं, डोळ्यांना न दिसणारं तेल त्या अंड्यांचं काय करत होतं? समुद्रातल्या हेरिंगच्या अंड्यांवर रोज नजर ठेवणं अवघड, म्हणून सिएटलच्या सरकारी मत्स्यसंशोधन केंद्रातले जॉन इन्कार्डोना आणि त्यांचे सहकारी झेब्रा माशाच्या गर्भाकडे वळले. त्यांनी तेलातले घटक वेगवेगळे करून पाहिले. फेनँथ्रीनसारख्या, तीन कड्यांच्या संयुगांनी गर्भाचं हृदय मंदावलं, ठोके चुकू लागले, हृदयाभोवती पाणी साचून पिशवी फुगली. शरीर वाकडं होणं, जबडा खुरटणं हे त्यानंतरचं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की आधी हृदयाचं काम बिघडतं, आकार मागाहून. घर बांधून होण्याआधीच त्यात संसार सुरू व्हावा तसं गर्भाचं हृदय असतं. ते धडधडता धडधडता घडतं. धडधड चुकली की घडणही चुकते.

पुढे मेक्सिकोच्या आखातात २०१० मध्ये डीपवॉटर होरायझन या फलाटाखालची तेलविहीर फुटली. त्यानंतरच्या अभ्यासांत याचं कारण पेशीपर्यंत जाऊन सापडलं. ठोका पडला की हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी सज्ज होते. तेलातली ही संयुगं तीच वाट अडवतात, शिवाय कॅल्शियमची ने-आणही बिघडवतात.

याहून बोचरी गोष्ट २०११ सालची. काही गर्भांना तेलाची इतकी थोडी मात्रा दिली, की वरवर पाहता बहुतेक ठीकच दिसले. नंतर त्यांना स्वच्छ पाण्यात वाढवलं. ते मोठे झाले, खात होते, पोहत होते. पण प्रवाहाविरुद्ध पोहायला लावल्यावर लवकर दमले, आणि तपासलं तेव्हा हृदयाचा आकार नेहमीपेक्षा गोलसर निघाला. गर्भावस्थेत लागलेलं तेल प्रौढपणी दमछाक होऊन बाहेर आलं. टाकीत असा मासा तुम्हाला टुणटुणीतच वाटला असता. समुद्रात मात्र शिकारी मागे लागला की तेवढाच फरक पुरतो.

दुसरं उदाहरण गर्भनिरोधक गोळ्यांतल्या इथिनिलएस्ट्रॅडिऑल या कृत्रिम संप्रेरकाचं. ते लघवीवाटे सांडपाण्यात आणि तिथून नदीत जातं. नदीत त्याचं प्रमाण मोजायचं तर लिटरला नॅनोग्रॅममध्ये. लिटरला पाच नॅनोग्रॅम म्हणजे किती? खडकवासला धरण भरलं की साधारण दोन टीएमसी पाणी असतं. त्या सगळ्या पाण्यात पाव किलोच्या आसपास. झेब्रा माशाच्या नर-मादी ठरण्याची पद्धत मोठी गमतीची आहे. सगळी पिल्लं आधी अंडाशयासारखा अवयव बनवतात. ज्यांना नर व्हायचं त्यांच्यात तो पुढे पालटतो. नेमक्या त्या आठवड्यांत पाण्यात हे संप्रेरक असेल, तर पालट अडतो. जन्मभर लिटरला पाच नॅनोग्रॅम एवढ्या मात्रेत वाढलेल्या पिढीचं एकही अंडं फळलं नाही, असं एका प्रयोगात दिसलं. चटका लावणारी गोष्ट ही, की त्यांतले नर माद्यांचा पाठलाग नेहमीसारखाच करत होते. कॅनडात ओंटारिओमधल्या एका छोट्या तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे मुद्दाम एवढंच संप्रेरक सोडलं, तेव्हा तिथल्या फॅटहेड मिनो या माशाची संख्या जवळजवळ संपली. म्हणजे टाकीतला इशारा तळ्यात खरा ठरला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, माणसाचं काय? माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रा माशात निदान एक भाऊबंद आहे, हे २०१३ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा स्पष्ट झालं. पोटॅशियमची ती वाट आपल्याही हृदयात आहे. ॲलर्जीवरचं टरफेनाडिन नावाचं औषध तीच वाट अडवायचं, आणि काही रुग्णांच्या हृदयाची लय बिघडल्यामुळे नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बाजारातून गेलं. हेच औषध झेब्रा माशाच्या गर्भाचे ठोकेही मंदावतं. तेव्हा नातं लांबचं असलं तरी हृदयाची यंत्रणा एकाच घराण्यातली. पण माशाला जी मात्रा लागते तीच आपल्याला लागेल असं नाही. आपल्या गर्भामागे आईचं यकृत आहे, वार आहे, आणि आपण चोवीस तास त्या पाण्यात बुडून राहत नाही. मासा सांगतो की कुठे बघा. किती धोका, हे वेगळं तपासावं लागतं.

हा मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याची नोंद केली. त्याच्या शास्त्रीय नावातलं ‘डॅनिओ’ हे बंगालीतल्या ‘धानी’वरून, म्हणजे भातखाचरातला. दीडशे वर्षांनी अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी तो प्रयोगशाळेत रुळवला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

प्रश्न : मग ओढ्याचं पाणी बादलीत घेऊन त्यात झेब्रा मासे सोडले, तर ते चांगलं की वाईट हे घरच्या घरी कळेल का?
— एक वाचिका, चिपळूण

उत्तर : नाही. मासे मेले तरी ते विषाने, की प्राणवायू कमी पडला म्हणून, हे बादली सांगणार नाही. आणि जगले तर अजिबातच निष्कर्ष काढू नका. सिएटलजवळच्या ओढ्यांत पावसाळ्यात कोहो सामन मासे वर्षानुवर्षं मरत होते. टायरमधल्या एका रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन जे तयार होतं, ते त्यामागे असल्याचं २०२० च्या अखेरीस कळलं. कोहो सामन त्याच्या अगदी किंचित मात्रेने मरतो, झेब्रा माशाला मात्र त्याने मरण येत नाही. एका जातीवर विसंबून राहिलं असतं तर ते पाणी निर्दोष ठरलं असतं. ओढ्याची शंका असेल तर नमुना सरळ पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.

वाईच्या मुलाला मात्र एक उद्योग सुचवतो. संध्याकाळी एक नर-मादी वेगळ्या भांड्यात ठेवा, तळाशी गोट्या. सकाळी उजेड झाल्यावर तासाभराने मोठे मासे काढून घ्या आणि गोट्यांखालची अंडी क्लोरीन गेलेल्या, कोमट पाण्यात ठेवा. पांढरी पडलेली काढून टाका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक अंडं बशीत घेऊन चांगल्या भिंगातून पाहा. बलकाच्या पुढच्या टोकाला एक ठिपका हलताना दिसेल. घड्याळ लावून ठोके मोजा. मिनिटाला शंभराच्या पुढे भरतील.