मद्गु: पाणकावळ्याने सांगितलेला चौथा पाद (छांदोग्य ४.८)

काल आपण हंसापर्यंत आलो होतो. आज चौथ्या अध्यायाचा आठवा खंड. सत्यकाम जाबालाला ब्रह्माचा शेवटचा पाद सांगायला येतो तो मद्गु.

बैल, अग्नी, हंस इथपर्यंत आपल्याला काही खटकत नाही. तिघेही पूजेतले, चित्रातले. पण मद्गु कोण? कोशात अर्थ मिळतो पाणकावळा, किंवा तसाच बुडी मारणारा पाणपक्षी. तलावातल्या वाळक्या फांदीवर पंख पसरून बसलेला काळा पक्षी तुम्ही पाहिला असेल, तो हा पाणकावळा. हंसानंतर एकदम हा!

मला इथे नावापाशी थांबावंसं वाटतं. 'पाणकावळा' हे नाव रंगावरून पडलं. काळा दिसला, पाण्यात दिसला, झालं. इंग्रजीतल्या 'कॉर्मोरंट'च्या मुळाशीही लॅटिनमधला 'समुद्री कावळा'च आहे. खरं तर कावळ्याशी त्याचं काही नातं नाही. याच्या पायाची चारही बोटं पडद्याने जोडलेली असतात. 'मद्गु' मात्र मस्ज् म्हणजे बुडणे या धातूवरून आला. मज्जन, निमज्जन त्यातलेच. आपण भजनात 'मग्न' होतो, तो शब्दही त्याच धातूचा. (आमच्या कामात व्हेरिएबलला नाव देताना सांगतात, तो काय करतो ते नावात येऊ दे. ऋषींनी हे आधीच केलेलं दिसतं.)

आता चार पाद एका ओळीत ठेवून बघा. बैलाने चार दिशा सांगितल्या. अग्नीने पृथ्वी, अंतरिक्ष, द्युलोक, समुद्र. हंसाने अग्नी, सूर्य, चंद्र, वीज. सगळं बाहेरचं, डोळे उघडे ठेवून बघायचं. मद्गु सांगतो प्राण, डोळा, कान, मन. पहिल्यांदाच नजर आत वळते, आणि वळवतो कोण, तर बुडी मारणारा. शंकराचार्य भाष्यात म्हणतात की पाण्याच्या संबंधामुळे मद्गु म्हणजे प्राण. या पादाचं नाव 'आयतनवान'. आयतन म्हणजे आश्रय, राहण्याची जागा. डोळ्याने, कानाने जे जे गोळा केलं ते राहायला येतं मनात.

पक्ष्याकडे बघितलं तरी हे पटतं. बदकाच्या पंखावरून पाणी घरंगळून जातं. पाणकावळ्याचे पंख भिजतात, म्हणून तर तो सहज खाली जाऊ शकतो. आणि म्हणूनच नंतर बराच वेळ उन्हात पंख वाळवत बसतो. कीर्तनाहून आल्या आल्या फोन उघडणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते बसणंही बघावं.

सगळीकडे याला मान आहे असं नाही हं. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात चोरीची फळं सांगितली आहेत, तिथे चरबी चोरणारा मद्गु होतो. एकीकडे शिक्षेची योनी, दुसरीकडे गुरू. मला उपनिषदातला मद्गु जवळचा वाटतो, कारण शिकणारा कोण आहे ते आठवा. गौतमांनी पहिल्याच भेटीत 'गोत्र कोणतं?' विचारलं, तेव्हा या मुलाकडे उत्तर नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. जबालेचा सत्यकाम, एवढंच त्याने सांगितलं. आता संध्याकाळी गाई अडवून, अग्नी पेटवून तो पूर्वेकडे तोंड करून बसलाय, आणि मद्गु उडत येऊन हाक मारतो ती फक्त 'सत्यकाम' अशी. गोत्र कोणी विचारत नाही. बैलानेही विचारलं नव्हतं.

आज दिवसात एकदा, पाचच मिनिटं, प्राण, डोळा, कान, मन या क्रमाने आत जाऊन बघूया. जमेल तितकं.

उद्या खंड ९. चारशेच्या हजार झालेल्या गाई घेऊन सत्यकाम आश्रमात परततो आणि गुरू त्याचा चेहरा बघून विचारतात, तुला शिकवलं कोणी?