आमेरच्या हत्तिणी

प्रश्न : जयपूरला आमेर किल्ल्यावर स्वारीसाठी जवळजवळ सगळ्या हत्तिणीच दिसल्या. नर का ठेवत नाहीत? मादी स्वभावानेच गरीब असते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुख्य कारण म्हणजे नराला येणारा मद. वयात आलेल्या नराला तो बहुधा वर्षातून एकदा येतो. टेस्टोस्टेरॉन कित्येक पटींनी वाढतं, डोळा आणि कान यांच्यामधल्या ग्रंथींतून स्राव गळतो, लघवी ठिबकत राहते आणि ओळखीच्या माहुतालाही तो जुमानत नाही. ही अवस्था काही आठवडे, कधी काही महिने टिकते. गर्दीच्या चढावर असा नर नेणं फार धोक्याचं.

रानात मादी जन्मभर कळपात नांदते. नर साधारण १० ते १५ वर्षांचा झाला की कळप सोडतो. म्हणून हत्तीण माणसाळायला सोपी वाटते, पण तिला गरीब समजू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमेरलाच एका हत्तिणीने रशियन पर्यटक महिलेला सोंडेने धरून आपटलं. वेदना, भीती, तापलेला रस्ता आणि एकटेपणा मादीलाही असह्य होतात. तिचं वागणं लिंगाइतकंच तिच्या राहणीवर ठरतं. पुढच्या वेळी किल्ला पायी किंवा जीपने चढा, ही कळकळीची विनंती.